बाहेरून कडी

नानांनी जन्मात कधी दार लावलं नाही. मी वाढवून सांगत नाही. घराचं, कपाटाचं, फ्रिजचं, न्हाणीघराचं, ज्याला म्हणून दार असेल ते नानांनी उघडायचं आणि तसंच टाकून पुढं निघून जायचं. फ्रिज उघडा राहून दूध नासलं की त्यांची सून वैशाली कपाळावर हात मारायची आणि नाना शांतपणे म्हणायचे, "नासायचं आसंल तर नासतंच, सूनबाई." आंघोळीला गेले की आतून मोठमोठ्यानं खाकरत राहायचे, म्हणजे कुणी चुकून आत शिरू नये. आपण आतून कडी घालावी हे त्यांच्या डोक्यातच यायचं नाही. आमचा फ्लॅट त्यांच्या समोरचा, मध्ये फक्त गॅलरी. आमच्याकडं आले तरी बेल नाही, हाक नाही. सरळ आत यायचे आणि स्वयंपाकघराच्या तोंडाशी उभं राहून विचारायचे, "काय शिजाय लागलंय?"

नाना मूळचे शनिशिंगणापूरचे. तिथल्या घरांना चौकट असते पण दार नसतं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. लोक गाड्या करून ते बघायला जातात आणि त्या चौकटीत उभं राहून फोटो काढतात. पण त्या चौकटीत जन्मलेला माणूस उचलून नगरला, सावेडीतल्या तिसऱ्या मजल्यावर आणून ठेवला तर त्याचं काय होतं, ते बघायला कुणी येत नाही. ते मी बघितलं.

गावात त्यांचं भाविकांसाठी तेलाचं आणि फुलांचं दुकान होतं. बायको गेली, पाठोपाठ अर्धांगाचा हलका झटका आला, डावा हात लुळा पडला. मुलगा टँकरवर ड्रायव्हर, महिन्यातले बरेच दिवस बाहेर. वैशाली नागापूरच्या एका कारखान्यात पॅकिंगला. गावच्या घरात धाकटा भाऊ होता, पण त्याचंच वय झालेलं. दवाखान्याला न्यायचं कुणी? म्हणून मुलगा त्यांना इथं घेऊन आला. आल्या दिवसापासून नानांचं एकच टुमणं होतं, "मला गावाला न्हेऊन सोडा." जेवायला बसले की ते, चहा घेतला की ते. शेवटी वैशाली नुसतं हूं म्हणायला शिकली होती.

मग तो दिवस आला. वैशाली कामावर गेली आणि नाना काठी घेऊन फिरायला निघाले. दार अर्थातच सताड उघडं. मनमाड रोडला त्यांना घेरी आली, कुणीतरी भल्या माणसानं धरून पानाच्या टपरीवर बसवलं, पाणी पाजलं आणि पत्ता विचारत विचारत घरी आणून घातलं. तोवर घरातून नातवाचा जुना लॅपटॉप, वैशालीचे कानातले आणि गॅसची भरलेली टाकी गेली होती. टाकी उचलून तीन मजले उतरणाऱ्या चोराचं मला आजही कौतुक वाटतं, पण त्या वेळी तसं बोलायची सोय नव्हती. वैशाली रडत होती. नाना खुर्चीत बसून विचार करत होते. बऱ्याच वेळानं म्हणाले, "दार हाय म्हनूनच गेलं. दार नसतं तर त्यानं उघडं हाय का म्हनून बघितलंच नसतं."

दुसऱ्या दिवसापासून वैशाली जाताना बाहेरून कडी लावायला लागली. कुलूप नव्हे, नुसती सरकती कडी. काही झालंच तर समोर मी होते. जाताना पहिल्या दिवशी तिनं माझा हात धरून सांगितलं, "ताई, आग लागली, पडले, काही झालं तर लगेच उघडा. पण नुसतं उघड म्हणाले तर उघडू नका. तुमच्या पाया पडते. परत रस्त्यावर पडले तर मी काय करू?" मी शब्द दिला. तिला दुष्ट म्हणणारे बिल्डिंगमध्ये पुष्कळ होते. त्यांच्यातला एकही जण नानांबरोबर बसायला कधी आला नाही.

मला वाटलं, नाना आरडाओरडा करतील, मला हाका मारतील. त्यांनी एकदाही मारली नाही. मीच एकदा न राहवून बंद दाराशी जाऊन म्हटलं, "नाना, थोडा वेळ उघडू का? वैशाली यायच्या आत परत लावते." आतून उत्तर आलं, "तू बोललीयास तिला. मला मोकळं करायला तू खोटी कशाला पडतीस?" मग थोडं थांबून, "माजं मी बघतो."

त्या दाराला बाहेरचं बघायचा भिंगाचा डोळा होता. मी गॅलरीत कपडे वाळत घालायला गेले की तो डोळा काळा व्हायचा, म्हणजे पलीकडं नाना उभे. मग दाराच्या दोन बाजूंनी आमच्या गप्पा चालायच्या. आज कुणाकडं पाव्हणे आले, भाजीवाला कुठपर्यंत आला, आभाळ कसं आहे. मीही त्या काळात बाहेर कुठं जात नव्हते. आधी मी नागापूरलाच एका कारखान्यात गाड्यांच्या वायरी जोडायच्या लाइनवर होते. सासूबाई अंथरुणाला खिळल्या आणि नोकरी सोडावी लागली. माझ्या दाराला बाहेरून कुणी कडी लावत नव्हतं, तरी दूध आणायला खाली गेले तर जीव वरच अडकलेला असायचा. रागही यायचा, सासूबाईंचा, नवऱ्याचा, चार भिंतींचा, आणि तो कुणाला सांगायची सोय नव्हती. नानांना एकदा सांगितला. ते म्हणाले, "तुजी कडी दिसत न्हाई, एवढंच."

डॉक्टरांनी नानांना सांगितलं होतं, डाव्या हाताच्या बोटांना काम द्या, बारीक वस्तू उचला, जोडा. वैशालीनं माळ्यावरून नातवाची खेळणी काढून दिली. नातू तेव्हा पुण्याला शिकायला गेला होता. प्लास्टिकचे ठोकळे एकमेकांत बसवून गाड्या, क्रेन, काय काय बनवायचा तो खेळ. असे दोन मोठे डबे होते. एक नातू लहान असतानाचा, दुसरा तो मोठा झाल्यावर घेतलेला. दोन्हींत मोटार होती, आणि रिमोटचा हुकूम ऐकून मोटारीला पोचवणारी एक डबी, तिला रिसीव्हर म्हणतात. नाना मोटारीला 'करनारा' म्हणायचे आणि रिसीव्हरला 'ऐकनारा'. पहिले काही दिवस त्यांनी नाक मुरडलं. "म्हातारपनी खुळखुळा दिला हातात," म्हणाले. आणि मग एके दिवशी दाराआडून एक गुरगुर ऐकू आली आणि पाठोपाठ नानांचा आवाज, "पोरी! चाललं! चाकं फिराय लागली!" मी पोळ्या लाटत होते, ती तशीच पिठाच्या हातानं दाराशी गेले. बंद दारापलीकडं एक खेळण्यातली गाडी चालली आहे आणि आपण अलीकडून वा वा म्हणतोय, हे मला फार विचित्र वाटलं. तरी मी वा वा म्हटलं.

त्यातूनच पुढचं सगळं झालं. एका संध्याकाळी मी त्यांच्याकडं बसले होते, वैशाली नुकतीच आलेली, आणि नानांनी जाहीर केलं की ह्या मोटारीनं ते बाहेरची कडी आतून उघडणार. वैशाली हसली. पुष्कळ दिवसांनी हसली असावी. म्हणाली, "उघडा की. तुमचं तुम्ही खेळण्यानं उघडून बाहेर आलात ना, तर दुसऱ्या दिवसापासून कडी लावायची नाही मी. पण भिंतीला, दाराला भोक पाडायचं नाही, आणि ताईंनी कडीला हात लावायचा नाही."

"बोललीस?"

"बोलले."

"पोरी, तू साक्षीला," नाना मला म्हणाले. तिनं थट्टेत म्हटलं होतं, पण नानांच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती. इतके दिवस ते गावाला सोडा म्हणून मागत होते. आता त्यांनी मागणं बंद केलं आणि कामाला लागले.

दाराच्या चौकटीला बाहेरून त्यांनी चिकटपट्टीनं ठोकळ्यांचा एक पाट बसवला. त्यावर मोटार, मोटारीला दाते असलेलं चाक, चाकाखाली दातेरी पट्टी. चाक फिरलं की पट्टी सरकणार आणि कडीला मागं ओढणार. हे बसवायचं काम संध्याकाळी, दार उघडं असताना. सकाळी वैशाली जाताना त्या यंत्राखालून हळूच कडी सरकवायची आणि कामावर जायची. वरच्या मजल्यावरचे लोक जिन्यात थांबून ते बघायचे. एकानं विचारलं, "काय हो वहिनी, नवीन अलार्म का?" ती म्हणाली, "नाही, माझा सासरा सुटायचाय." मला ते ऐकून हसू आलं आणि नंतर दिवसभर कसंतरी होत राहिलं.

आधी जुना डबा लावून बघितला. त्यातली मोटार दांडगी. बोटात धरून थांबवायची म्हटली तरी थांबायची नाही. पण त्यातला ऐकणारा हा टीव्हीच्या रिमोटच्या जातीचा; रिमोटचा उजेड त्याला दिसला पाहिजे. मध्ये दार आलं की संपलं. नानांनी रिमोट दाराच्या भिंगाला लावून बघितला. तिथून जाणारा उजेड समोरच्या भिंतीवर आपटून परत येईल आणि ऐकणाऱ्याला दिसेल, असा त्यांचा हिशेब. आमची गॅलरी उघडी, दिवसभर लख्ख ऊन. त्या उन्हात बिचाऱ्याला काही दिसायचं नाही. एकदा आभाळ भरून आलेलं असताना मोटार एवढीशी गुरगुरली. आतून नाना ओरडले, "सरकली का? सरकली का गं?" मी कडीकडं बघितलं. केसभरही हलली नव्हती. खोटं सांगावंसं वाटलं, पण कडीच्या बाबतीत खोटं बोलून उपयोग काय? "नाही, नाना."

मग नवा डबा. त्यातला ऐकणारा मोबाईलवरून हुकूम घ्यायचा, आणि त्याला भिंत, दार कशाचीच अडचण नव्हती. नातवानं फोनवरून सांगून नानांच्या मोबाईलवर ते सगळं चढवून दिलं. आतून बटण दाबलं की बाहेर मोटार फिरायची. नाना इतके खूश झाले की दोन वेळा चहा घेतला. पण ही नवी मोटार नाजूक. कडीला लागली की अडायची आणि नुसती कण्हायची. आता तुम्ही म्हणाल, सोपं आहे, जुनी दांडगी मोटार नव्या ऐकणाऱ्याला लावा. आम्हीही तेच म्हटलं. पण कंपनीनं मधल्या काळात प्लगच बदलून टाकलेला. जुन्याचा रुंद आणि चपटा, नव्याचा फोनच्या पिनसारखा बारका. जुन्यात चार वायरी, नव्यात सहा. जीव तोडून दाबलं तरी एकाचा दुसऱ्यात बसेना.

नाना दारापाशी खुर्ची ओढून बसले आणि दोन्ही प्लग मांडीवर ठेवून म्हणाले, "बघ. ज्याला ऐकू येतं त्याच्यात जोर न्हाई. ज्याच्यात जोर हाय त्याला ऐकू येत न्हाई. अन् दोघांची सोयरीक करावी तर घरानी जुळत न्हाईत." आमच्या घरात काय वेगळं होतं, असं माझ्या मनात आलं. गावात नानांनी पुष्कळ लग्नं जमवली होती. त्यामुळं प्रत्येक अडचणीचं त्यांच्याकडं लग्नातलं काहीतरी उत्तर असायचं आणि त्यातली निम्मी साफ चुकीची असायची. प्लगाच्या बाबतीत त्यांचं पहिलं उत्तर होतं, जोर लावून बसवा, संसाराला लागले की जमतंय. त्यात जुन्या प्लगाचा एक कोपरा उडाला.

वायरी कापून जोडायचं काम शेवटी माझ्याकडं आलं. कापायची म्हटल्यावर फोनवर नातू कळवळला. "आजोबा, नवी मोटार परत मिळत नाही हो तसली!" नाना म्हणाले, "आजोबा तरी कुठं परत मिळतोय?" मी सासूबाईंना औषध देऊन, त्यांचा डोळा लागल्यावर संध्याकाळी नानांकडं जायची. कटर हातात धरल्यावर मला इतकं बरं वाटलं की सांगता येत नाही. किती दिवसांनी माझ्या बोटांना त्यांचं काम मिळालं होतं. नव्या मोटारीच्या सहाही वायरी कापल्या, जुनीच्या चार त्यांना मिळत्याजुळत्या लावल्या, उरलेल्या दोन गुंडाळून ठेवल्या. बटण दाबलं. ऐकणाऱ्याचा दिवा नुसता लुकलुकला. मोटार ढिम्म.

नातवानं तिकडं कुणाला तरी विचारून घेतलं आणि दोन दिवसांनी कळवलं. हा नवा ऐकणारा आधी मोटारीला विचारतो, तू कोण? त्याचं उत्तर ज्या वायरींतून जातं त्या वेगळ्या, आणि प्रत्यक्ष फिरवायच्या दोन वेगळ्या. जुन्या मोटारीला उत्तर देताच येत नाही, कारण तिच्या वेळी असलं कुणी विचारत नव्हतं. हे ऐकून मी हात टेकले. नानांनी मात्र मांडीवर थाप मारली.

"आरं, मग उत्तर धाकट्यालाच देऊ दे की! पत्रिका धाकट्याची दाखवायची, काम थोरल्यानं करायचं."

"नाना, ही फसवणूक झाली," मी म्हटलं.

"सोयरिकीत चालती थोडी," नाना म्हणाले.

आणि ते बरोबर निघालं. नव्या मोटारीच्या सगळ्या वायरी मी पुन्हा होत्या तशा जोडल्या, फक्त फिरवायच्या दोन तिच्याकडून काढून जुनीकडं नेल्या. नवी नुसती बाजूला लटकत राहिली, नाव सांगायला. ऐकणाऱ्याचा दिवा स्थिर झाला, आणि दांडगी मोटार बारक्या मोबाईलच्या हुकमावर गरगर फिरली. त्या संध्याकाळी वैशालीनं शिरा केला. पत्रिकेची ती गोष्ट नानांनी पुढं बिल्डिंगमधल्या प्रत्येकाला सांगितली, आणि दर वेळी त्यात माझा वाटा थोडा थोडा कमी होत गेला.

तरी कडी उघडली नाही. दांडगी मोटार कडीला भिडली की जास्तीची वीज मागायची आणि ऐकणारा घाबरून स्वतःलाच बंद करून घ्यायचा. मी बाहेरून सांगायची, "दिवा गेला, नाना." आतून, "परत लावतो." परत दिवा जायचा. उन्हाळा वाढत चालला होता. दुपारी त्या बंद घरात भट्टी होत असणार. एका दुपारी बराच वेळ आतून काहीच आवाज आला नाही. मी घाबरून दार वाजवलं. नाना अगदी दाराला लागूनच होते. म्हणाले, "हाय, हाय. मेलो न्हाई." मग आवाज खाली घेऊन म्हणाले, "पोरी, एक सांगू का? आमच्याकडं मानूस मेला तर न्ह्यायला दार आडवं येत न्हाई. हितं लई भ्या वाटतं मला. हितं मेलो तर आदी कुनीतरी कडी काढाय पायजे." मी दाराला हात लावून नुसती उभी राहिले. तो हात कडीपासून वीतभरच लांब होता, आणि मी शब्द दिलेला होता. त्या शब्दाचा मला त्या दिवशी फार राग आला.

शेवटी कोडं सुटलं ते तेलानं. जन्मभर तेल विकलेल्या माणसाला हे इतक्या उशिरा का सुचावं, म्हणून ते स्वतःवरच चिडले. संध्याकाळी वैशालीकडून तिळाचं तेल मागून घेतलं आणि ती कडी अशी न्हाऊ घातली की खाली फरशीवर थारोळं झालं. लुळ्या डाव्या हातानं पुढं-मागं, पुढं-मागं सरकवत बसले. वैशाली म्हणाली, "नाना, जेवून घ्या." नाना म्हणाले, "जेवतो, जेवतो." कडी इतकी सैल झाली की फुंकर मारली तरी हलेल.

दुसऱ्या दिवशी दुपारी दाराआडून आवाज आला, "पोरी, हायस का? लावतो." मी सासूबाईंना तशाच बसवून बाहेर आले. मोटार फिरली. पट्टी सरकली. कडी निम्मी आली, थांबली, आणि मग ती सरळ मागं गेली. दार आत उघडलं आणि चौकटीत नाना उभे होते, हातात मोबाईल, काखेत काठी. घामानं सदरा अंगाला चिकटलेला. मला वाटलं, आता हे ओरडतील, निदान हसतील तरी. त्यांनी आधी त्या मोटारीला हात लावून नमस्कार केला. मग उंबरा ओलांडून गॅलरीत आले आणि वाऱ्याला तोंड करून उभे राहिले.

मी खुर्ची आणायला वळले. परत आले तर नाना दाराकडं तोंड करून उभे. उघड्या दारातून आतलं सगळं दिसत होतं, टीव्ही, पलंग, वैशालीची खुंटीवरची साडी. त्यांनी ते बघितलं. काठी भिंतीला टेकवली, उजव्या हातानं दार ओढून घेतलं, आणि डाव्या हाताची ती न वळणारी बोटं कडीवर ठेवून ती सरकवायला लागले. दोनदा निसटली.

"नाना, राहू द्या की उघडं," मी म्हटलं. "मी आहे ना इथं."

"नगं," ते म्हणाले. "सूनबाईचं घर हाय."

कडी लागली. त्यांनी ती ओढून बघितली आणि मग खुर्चीत बसले. खरं तर मला आनंद व्हायला हवा होता. इतके दिवस ज्यासाठी धडपडलो ते झालं होतं. पण मला टाळी वाजवावीशी वाटली नाही. मी त्यांना पाणी आणून दिलं आणि शेजारी बसले.

संध्याकाळी वैशाली जिना चढून आली आणि शेवटच्या पायरीवरच थबकली. खुर्चीत नाना, आणि मागं दार बंद, कडी लावलेली. तिनं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली, मी नाही.

"नाना, कडी कुणी लावली?"

"म्या."

ती पायरीवर बसली आणि डब्याची पिशवी मांडीवर घेऊन रडायला लागली. चोरी झाली त्या दिवशीपेक्षा जास्त रडली. नाना गोंधळून म्हणाले, "आगं, आता काय झालं? लावलीया की!"

दुसऱ्या दिवसापासून तिनं कडी लावली नाही. तिनंच नवऱ्याशी फोनवर भांडून पुढच्याच आठवड्यात नानांना गावाला पाठवलं. "राहायचं तेवढं राहा," म्हणाली, "कायमचं राहायचं असलं तरी राहा. मी महिन्याला औषधं घेऊन येत जाईन." जाताना नानांनी नवं धोतर नेसलं होतं. माझ्या सासूबाईंच्या पाया पडले, त्या त्यांच्याहून लहान असूनही. मला म्हणाले, "येत जा गावाला. दार वाजवाया लागत न्हाई आमच्याकडं." रिक्षा गेल्यावर गॅलरी मला एकदम मोठी आणि ओकीबोकी वाटायला लागली. पण ते सुटले, ह्याचं बरं वाटत होतं. निदान आम्हा दोघांतलं एक तरी सुटलं.

नाना तिथं आठवडाही टिकले नाहीत. एका दुपारी मी कपडे वाळत घालत होते आणि जिन्यात काठीचा आवाज आला. नाना आपले आपण एसटीनं आले होते. वैशाली कामावर. त्यांनी वैशालीनं जाताना दिलेली किल्ली खिशातून काढून दार उघडलं, आत गेले, आणि दार लावून घेतलं. मी ऐकलं, आतली कडीसुद्धा लागली. मी हातातला टॉवेल तसाच टाकून गेले आणि आयुष्यात पहिल्यांदा नानांची बेल वाजवली.

उघडायला वेळ लागला. नाना उतरलेले दिसले. काय झालं, भावाशी वाजलं का, तब्येत बिघडली का, मी सगळं एकदमच विचारलं. ते पलंगावर बसले.

"कुनाशी काय न्हाई झालं. भाऊ देवमानूस हाय. लई केलं त्यानं," ते म्हणाले. "डोळाच लागंना, पोरी. दुपारचा आडवा झालो का समोर ती मोकळी चौकट. कुनी बी येईल, असं वाटायचं. कोन येनार हाय तिथं? जन्म गेला माजा त्या चौकटीत झोपून. पर न्हाईच लागला डोळा." लुळा हात उजव्या हातात घेऊन चोळत राहिले. "आमच्याकडं एक फळी असती. कुत्रं आत येऊ नये म्हनून आडवी लावत्यात. म्या ती लावली, भर दुपारची. तवा डोळा लागला. अन् भाऊ आला. म्हनला, 'नाना, कुत्रं आलतं का?' म्हनलो, न्हाई. म्हनला, 'मग फळी कुनासाठी लावली?'"

ते माझ्याकडं बघायला लागले. "काय सांगायचं त्याला?"

मला रडू आलं. आम्ही सगळ्यांनी मिळून, आपापल्या परीनं मायेनंच, त्यांना कडी लावायला शिकवलं होतं, आणि ते शिकले होते. त्यानंतर नाना पुन्हा गावाला जायचं म्हणून कधी बोलले नाहीत. पुढच्या हिवाळ्यात ते गेले, इथंच, झोपेत. वैशालीला सकाळी आधी त्यांच्या खोलीची आतली कडी तोडावी लागली. पण ती सकाळ मला क्वचितच आठवते. मला आठवते ती ही दुपार. मी पलंगाच्या कडेला बसून पदरानं डोळे पुसत होते, आणि नाना माझ्या खांद्यावरून पलीकडं, गॅलरीच्या पार आमच्या घराकडं बघत होते. त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"तुजं दार उघडं टाकून आलीस," ते म्हणाले. "जा. आदी लावून ये."

मी उठले आणि लावून आले.